बिल्ला, खराटा आणि जमाखर्च
(स्वयंसेवकांच्या इतिहासातील बेळगावचे पान)

सालाबादप्रमाणे या स्मरणिकेत कार्यकारिणीची यादी येते, देणगीदारांची येते, विविध समित्यांची येते आणि सर्वांत शेवटी एक ओळ असते : "याशिवाय अनेक ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे सहकार्य लाभले." हा लेख त्या शेवटच्या ओळीविषयी आहे. मूर्ती आणण्यापासून ते निर्माल्याची पोती उचलण्यापर्यंत ज्यांच्या जिवावर दहा दिवस पार पडतात, त्या 'स्वयंसेवक' नावाच्या माणसाला इतिहास आहे का? आणि असला तर त्याचा आपल्या या कर्नाटकाशी काही संबंध पोहोचतो का? शोध घेऊ लागलो तेव्हा वाटले होते की सगळी कथा पुण्यातच सापडेल. सुरुवात पुण्यात सापडली हे खरे, पण कथेचा गाभा निघाला हुबळी आणि बेळगावला. आपण सुट्टीला गावी जाताना ज्या वाटेने जातो, नेमका त्याच वाटेवर!

सार्वजनिक गणेशोत्सवाची कथा आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. लोकमान्यांनी १८९३ साली त्याला सार्वजनिक रूप दिले, की भाऊसाहेब रंगारींनी आदल्या वर्षीच सुरुवात केली होती, हा वाद आपण पुणेकरांवर सोपवू. ते तो आणखी शंभर वर्षे आनंदाने चालवतील. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. घरच्या गणपतीला यजमान असतो आणि सार्वजनिक गणपतीला यजमान नसतो. मग मांडव कोणी घालायचा, वर्गणी कोणी गोळा करायची, मेळ्यातल्या पोरांची तालीम कोणी घ्यायची, मिरवणुकीच्या पुढे राहून रस्ता कोणी मोकळा करायचा? ज्याचे घर नाही, मान नाही, दक्षिणाही नाही, अशा माणसाने हे सगळे आपले म्हणून करायचे, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती. पुढे याच पुण्यातून अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड उभा राहिला. माणशी एक पैसा गोळा करत स्वयंसेवक हिंडले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. आज पावती पुस्तक घेऊन अपार्टमेंटच्या दारोदारी फिरणाऱ्या आपल्या पोरांनी 'एवढ्याशा वर्गणीने काय होते' असे म्हणणाऱ्याला तळेगावचे उदाहरण जरूर द्यावे.

परंतु उत्सवातली सेवा आणि संकटातली सेवा यांत फरक असतो, आणि तो फार लवकर समोर आला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. ज्यांना गाव सोडून जाणे शक्य होते ते गेले. टिळक पुण्यातच राहिले, त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. पुढच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले यांनीही प्लेग निवारणाच्या कामात स्वतःला स्वयंसेवक म्हणून जुंपून घेतले. आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई रोगी आणून पोहोचवत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतला पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला. त्याच साथीची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट. स्वयंसेवेचा इतिहास लिहायचा तर पहिले नाव माझ्या मते हेच असले पाहिजे. पाठीवर मूल घेऊन चालणाऱ्या त्या बाईंच्या छातीवर कुठलाही बिल्ला नव्हता.

हाच प्लेग पुढच्या वर्षी, १८९८ च्या ऑगस्टात, आपल्या बेंगळूरला पोहोचला. पेठेतली दाटी कमी करण्यासाठी मोकळ्या जागेवर नव्या वसाहती आखण्यात आल्या. त्यांची नावे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम्. तिथल्या रुंद सरळ रस्त्यांवर आज आपण फुले घ्यायला जातो तेव्हा ते रस्ते रुंद का झाले, याची आठवण सहसा कोणाला नसते.

आता थोडे लांब, कोलकात्याला जावे लागेल. कारण आपल्याकडच्या स्वयंसेवकाचे दोष सर्वप्रथम नेमके कोणी मांडले असतील तर ते तिथे. १९०१ साली तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी त्याला हजर होते. त्यांनी आत्मचरित्रात जे वर्णन केले आहे ते वाचताना आपण १९०१ सालचे वाचतो आहोत की मागच्या वर्षीचे, असा संभ्रम पडावा! स्वयंसेवक पुष्कळ, उत्साहही पुष्कळ, पण एकाला काम सांगितले की तो दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रतिनिधी बिचारा आहे तिथेच. शौचकूप थोडे आणि त्यांची दुर्गंधी असह्य. गांधींनी एका स्वयंसेवकाला ते दाखवले तर उत्तर मिळाले की हे आमचे काम नाही, भंग्याचे काम आहे. त्यांनी खराटा मागितला. तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी त्यांनी स्वतःच कुठून तरी खराटा मिळवला आणि निदान स्वतःपुरती जागा साफ केली.

गांधींनी पोरांना दोष दिला नाही, हे विशेष. त्यांनी कारण शोधले. सेवा करायला इच्छा लागते आणि सराव लागतो. काँग्रेस वर्षातून तीन दिवस भरते आणि मग झोपी जाते, तर तीन दिवसांच्या तमाशातून स्वयंसेवकाला शिक्षण मिळणार तरी कोठून, असा त्यांचा प्रश्न होता. आमचे तीनाऐवजी दहा दिवस असतात, एवढाच फरक.

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातून आले. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवा हे फावल्या वेळचे काम नसून शिकून घेण्याचे आणि आयुष्यभर करण्याचे काम आहे, ही त्यामागची कल्पना. १९१५ साली हरिद्वारचा कुंभमेळा भरला तेव्हा समाजाने मोठे स्वयंसेवक पथक पाठवले, त्याचे प्रमुख हृदयनाथ कुंझरू होते. त्यांच्या मदतीला गांधींची फिनिक्स आश्रमातली मंडळी गेली आणि त्यांनी काम पत्करले ते शौचाचे खड्डे मातीने बुजवण्याचे. गांधींना मात्र या कामाला फारसा वेळ मिळाला नाही, कारण दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी त्यांना तंबूतून हलू देईना! स्वयंसेवक मोठा झाला की त्याचा असा 'प्रमुख पाहुणा' होतो, हे तेव्हापासूनचेच दिसते.

गोखले त्या आधीच, फेब्रुवारी १९१५ मध्ये, निवर्तले होते. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजी बेंगळूरला आले ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करण्यासाठी. त्या कार्यक्रमामागे धडपडणाऱ्यांत एक तरुण कन्नड पत्रकार होते, डी. व्ही. गुंडप्पा. हेच डी. व्ही. जी. पुढे कन्नड साहित्यातले केवढे मोठे नाव झाले ते आपल्या इथल्या शेजाऱ्यांना विचारावे. त्यांनी १९४५ मध्ये लोकशिक्षणासाठी संस्था काढली आणि तिला नाव दिले गोखल्यांचे. बुल टेंपल रोडवरची गोखले सार्वजनिक विचार संस्था ती हीच. बसवनगुडीत राहणारी आपली मंडळी तिच्यासमोरून रोज जातात. एका मराठी माणसाचे नाव त्या फाटकावर एका कन्नड माणसाने स्वतःहून लावले आहे, हे मुलांना जरूर दाखवावे.

असो. तोपर्यंत मूळ अडचण तशीच होती. समाजाचे सेवक मूठभर आणि मेळा लाखांचा. साध्या, नोकरी-शिक्षण करणाऱ्या तरुणाला चार आठवड्यांत कामाचा माणूस कसे करायचे? याचे उत्तर देणारा गृहस्थ हुबळीत होता.

डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचा जन्म १८८९ सालचा, धारवाडचा. आडनाव आपल्या ओळखीचे, कर्मभूमी कन्नड. त्यांना दोहोंपैकी एकाच रकान्यात बसवायचा प्रयत्न करू नये, तसे केल्यास दोन्ही रकाने अपुरे पडतील. वैद्यकीय शिक्षण त्यांनी कोलकात्याला घेतले आणि १९१३ साली ते अमेरिकेला गेले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. हा विषय लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. लाला लजपतराय त्या वेळी अमेरिकेत होते. त्यांच्या होमरूल लीगचे काम हर्डीकरांनी तिकडे अनेक वर्षे केले आणि १९२१ मध्ये ते परतले. अमेरिकेहून परतलेला डॉक्टर म्हटल्यावर कोणीही दवाखाना थाटला असता. यांनी हुबळीत तरुण जमवायला सुरुवात केली आणि हुबळी सेवा मंडळ उभे केले.

त्या मंडळाची परीक्षा लगेच झाली. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. देशभरातून स्वयंसेवक जाऊन तुरुंगात बसले. तुरुंगातली वागणूक कठोर होती आणि बरेच जण माफी लिहून देऊन बाहेर पडले. हुबळीच्या तुकडीने माफी मागितली नाही. ही गोष्ट जवाहरलाल नेहरूंच्या नजरेत भरली. त्याच वर्षी डिसेंबरात काकिनाड्याच्या अधिवेशनात देशभरासाठी एक प्रशिक्षित स्वयंसेवक संघटना असावी असे ठरले. हेच हिंदुस्तानी सेवा दल. नेहरू पहिले अध्यक्ष आणि सगळे प्रत्यक्ष काम हर्डीकरांकडे, कार्यालय हुबळीला. (अध्यक्ष आणि प्रत्यक्ष काम यांची ही वाटणी आपल्या मंडळींना नवी नाही.)

गंमत म्हणजे या दलाला विरोध घरातूनच झाला. नेहरूंनी आत्मचरित्रात त्याची मजेशीर नोंद केली आहे. काही पुढाऱ्यांना वाटले की कवायत, गणवेश, रांगा म्हणजे लष्करी थाट आला, हे अहिंसेच्या संघटनेत धोक्याचे. काहींचे म्हणणे असे की स्वयंसेवकाने वरून आलेला हुकूम पाळला म्हणजे झाले, पावलाला पाऊल जुळवून चालण्याची गरजच काय? हर्डीकरांचे उत्तर कामातूनच मिळते. गर्दीत घाबरलेल्या हजार माणसांना वाट करून द्यायची तर दहा जणांनी एका क्षणी एकच गोष्ट करावी लागते. ती आयत्या वेळी सांगून होत नाही, अंगात मुरलेली असावी लागते. विसर्जनाच्या दिवशी सँकी तलावाकाठी किंवा हलसूरला जो कोणी दोर धरून उभा राहिला असेल, त्याला हे पुस्तक न वाचताही पटेल.

आता बेळगाव. काकिनाड्यानंतरचे अधिवेशन कर्नाटकात घेण्याचे ठरले आणि त्याची जबाबदारी गंगाधरराव देशपांडे यांनी उचलली. गंगाधरराव बेळगाव जिल्ह्यातल्या हुदलीचे, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि नंतर गांधींचे. बेळगावच्या झेंडा चौकातला सार्वजनिक गणपती १९०५ सालापासूनचा मानतात आणि त्याच्या प्रारंभाशी टिळकांचे नाव जोडतात. तेव्हा उत्सवाच्या मांडवात तयार झालेली पिढी तिथे हाताशी होती. गंगाधररावांना लोकांनी पदवी दिली 'कर्नाटक केसरी' आणि त्यांनी आत्मकथा लिहिली ती मराठीत, 'माझी जीवनकथा'. आजच्या काळात दोन्ही बाजूंच्या लोकांनी क्षणभर थांबून विचार करावा असे हे गृहस्थ होते.

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ या दोन दिवशी टिळकवाडीच्या माळावर हे अधिवेशन झाले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथे. त्यामुळे माणसे लोटणार हे उघड होते. माळावर एक तात्पुरते नगरच वसवले, नाव विजयनगर. प्रवेशद्वारी हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराची प्रतिकृती. पाण्याची अडचण होती म्हणून एक मोठी विहीर खणली, तिला नाव दिले पंपा सरोवर. खर्च आला चार हजार तीनशे सत्तर रुपये आणि तीन आणे. तीन आणेसुद्धा इतिहासात नोंदले गेले आहेत, यावरून हिशेब ठेवणारी माणसे कोणत्या जातीची होती ते कळावे. (जात म्हणजे हिशेबी!) गांधीजींसाठी बांबू आणि खादीची झोपडी बांधली, तिचा खर्च साडेतीनशे रुपयांवर गेला तेव्हा त्यांनी 'ही कसली झोपडी, हा तर खादीचा राजवाडा' अशा अर्थाची कुरकुर केली. प्रतिनिधींची फी दहा रुपये होती ती एक रुपयावर आणावी, असाही त्यांचा आग्रह. उत्पन्न कमी करा आणि खर्चही कमी करा, असे दोन्ही एकदम सांगणारा अध्यक्ष मिळाल्यावर खजिनदाराची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपल्या मंडळाच्या कोषाध्यक्षांना येईल.

आणि इथे कोलकात्याच्या त्या खराट्याचे वर्तुळ पूर्ण झाले. छावणीची सफाई पगारी माणसांवर टाकून न देता ती स्वयंसेवकांनी हातात घेतली. संडासांसाठी चर खणणे, मैल्यावर माती टाकणे, जागा झाडणे, रोजच्या रोज. आणि या पथकात ब्राह्मण घरांतले तरुणही होते. हे वाक्य आज साधे वाटते. १९२४ साली ते साधे नव्हते. घरी आईला काय सांगायचे, पंगतीला बसू देतील का, गावात बातमी पोहोचल्यावर लग्न जुळेल का, असे प्रश्न त्या पोरांपुढे असणार. कोलकात्यात 'हे आमचे काम नव्हे' असे उत्तर आले होते, त्याला तेवीस वर्षे झाली होती. तेवढ्या काळात तोच देश, तसलेच विद्यार्थी, आणि उत्तर बदलले. का बदलले? गांधींचा शब्द हे एक कारण आहेच. परंतु शब्द कोलकात्यातही होता, फक्त वजन कमी होते. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. सार्वजनिक आरोग्य शिकून आलेला एक डॉक्टर वर्षभर आधीपासून तरुणांना तयार करत होता. त्याच्या लेखी स्वच्छता हा आधी रोग टाळण्याचा विषय होता आणि मग पुण्याचा. ज्या प्रांताने पंचवीस वर्षांपूर्वी प्लेग पाहिला होता, तिथे हे समजायला फार व्याख्यानांची गरज पडली नसावी. एरवी हजारो माणसे उघड्या माळावर आठवडाभर राहिली तर काय होते, ते आपल्या यात्रांच्या इतिहासात कॉलऱ्याच्या नावाने लिहिलेले आहे.

स्त्रियांचे पथक ही बेळगावची आणखी एक नवलाई. ते उभे केले उमाबाई कुंदापुर यांनी. मंगळूरकडचा जन्म, मुंबईत वाढलेल्या, १९२३ मध्ये पती निवर्तले आणि त्या हुबळीला आल्या. तिथे त्यांनी भगिनी मंडळ चालवले आणि हर्डीकरांनी सेवा दलाच्या महिला विभागाची धुरा त्यांच्यावर दिली. त्या गावोगाव हिंडल्या, घरोघरी जाऊन बसल्या आणि दीडशेहून अधिक स्त्रिया बेळगावला कामासाठी उभ्या केल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्यांना शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, त्या बायका त्या काळच्या देशातल्या सर्वांत मोठ्या समारंभात व्यवस्था पाहत होत्या. उमाबाई स्वतः विधवा होऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. मला विचाराल तर बेळगाव अधिवेशनातली सर्वांत धीट गोष्ट व्यासपीठावर घडली नाही. ती या घरांच्या उंबरठ्यांवर घडली, जिथे उमाबाईंना सासू-सासऱ्यांची समजूत काढावी लागली असेल.

अर्थात सगळेच बदलले होते असे नाही, आणि इतिहास लिहिताना हे लपवू नये. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती, धारवाडची. पुढे जगाने तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखले. उतारवयात त्या या प्रसंगाची आठवण सांगत. गाण्याची भीती त्यांना नव्हती. भीती होती ती ही, की आपण खालच्या मानलेल्या जातीच्या, तेव्हा जेवणानंतर उष्टी काढायला आपल्याला सांगतील की काय. एकीकडे ब्राह्मण तरुण आपण होऊन संडास साफ करत होते आणि त्याच मांडवात एका गाणाऱ्या मुलीच्या मनात ही धास्ती होती. एकाने केलेली सफाई सेवा ठरते आणि दुसऱ्याच्या वाट्याला तीच शिक्षा म्हणून येते. फरक एवढाच की एकाला 'नाही' म्हणता येते. आपल्या मांडवात सकाळी झाडायला येणाऱ्या बाई, बहुधा रायचूर किंवा कलबुर्गीकडच्या, यांना आपण महाप्रसादाच्या पंगतीत कुठे बसवतो, हे या वर्षी पाहावे.

समारोपाचे एक सांगायचे राहिले. सगळा खर्च वजा जाता अधिवेशनाचे सातशेहून अधिक रुपये शिल्लक उरले! एक रुपया फी, अध्यक्षांची काटकसर, विहिरीचा खर्च, गोपुराचा खर्च आणि तरीही शिल्लक. कारण मजुरीचा मोठा भाग स्वयंसेवकांच्या अंगमेहनतीने वाचला होता. स्वयंसेवक हा जमाखर्चात कधी दिसत नाही, कारण त्याची नोंद न झालेल्या खर्चात असते.

पुढची हकिकत थोडक्यात. बेळगावनंतर सेवा दलाच्या शिबिरांचे जाळे पसरले, बागलकोटला प्रशिक्षण झाले, हुबळीहून 'व्हॉलंटिअर' नावाचे इंग्रजी मासिक निघत असे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता झेंडावंदन करण्याची प्रथा याच दलाने रूढ केली. १९३२ मध्ये सरकारने दलावर बंदी घातली. हर्डीकरांनी घटप्रभेच्या आरोग्यधामाच्या कामात लक्ष घातले, म्हणजे स्वारी मूळ विषयावर परत आली. १९५२ ते १९६२ ते राज्यसभेत होते, १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७५ मध्ये ते गेले. उमाबाईंकडे स्वातंत्र्यानंतर मानसन्मान चालून आले, त्यांनी ते घेतले नाहीत. हुबळीतल्या छोट्या घरात त्या शेवटपर्यंत राहिल्या. गंगाधररावांचे गाव हुदली खादीसाठी ओळखले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये अधिवेशनाला शंभर वर्षे झाली तेव्हा भाषणे झाली, फलक लागले. सफाई पथकातल्या पोरांची नावे त्या फलकांवर मी शोधली. गांधी, नेहरू, गंगाधरराव होते. पोरे नव्हती.

आपल्या बेंगळूरकडे वळू. इथला मराठी माणूस काही कालपरवा आलेला नाही. शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ च्या सुमारास, आणि मल्लेश्वरच्या काडु मल्लेश्वर देवळाला एकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा शिलालेख १६६९ सालचा आहे. आपण ज्या पिढीचे, ती मात्र कारखान्यांच्या, बँकांच्या आणि नंतर संगणकाच्या निमित्ताने आलेली. गावी भाऊबंद असतात, इथे मंडळ असते. रात्री दोन वाजता कोणाच्या वडिलांना रुग्णालयात न्यायचे असले तर आपण आधी मंडळातल्या माणसाला फोन करतो. तो धावून येतो, कारण चार वर्षे त्याच्याबरोबर मांडवाचे बांबू धरलेले असतात. परमुलखात उत्सवाचे खरे काम हे आहे असे माझे मत आहे. आरती तर घरीही होते. २०२० साली करोनामुळे मांडव पडले नाहीत, मिरवणुका निघाल्या नाहीत, तेव्हा ठिकठिकाणची गणेश मंडळे शिधा आणि जेवण पोहोचवण्याच्या कामाला लागली. वर्गणीसाठी केलेल्या याद्या तेव्हा शिध्यासाठी उपयोगी पडल्या. कुठल्या मजल्यावर एकटे आजी-आजोबा राहतात ते पावती पुस्तक घेऊन फिरणाऱ्या पोरांना पाठ होते.

म्हणून एक सूचना कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवतो. गणपती बसण्याच्या आधी एक रविवार कार्यकर्त्यांच्या तयारीसाठी राखून ठेवावा. दोर कसा धरायचा, गर्दी दाटली तर कोणी कुठे उभे राहायचे, चक्कर आलेल्या माणसाला काय करायचे, अग्निशामक नळकांडे कसे उघडायचे, निर्माल्य कुठे, प्लास्टिक कुठे. हर्डीकरांनी महिने दिले होते, आपण निदान तीन तास देऊ. कार्यकर्त्यांत कन्नड येणारे चार जण प्रत्येक तुकडीत असावेत, पोलिसांशी आणि शेजाऱ्यांशी 'स्वल्प अडजस्ट माडि' यापलीकडेही बोलावे लागते. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मैदान झाडण्यासाठी जी तुकडी येईल, तिची नावे पुढच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या मनोगताच्याही आधी छापावीत. अध्यक्षांची हरकत नसावी, कारण मागच्या वर्षी त्या तुकडीत तेही होते.

ज्यांना हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांना वेगळी सहल काढण्याची गरज नाही. बेंगळूरहून रात्री सुटणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस हुबळीवरून जाते, मग धारवाड, मग बेळगाव, आणि घटप्रभेवरून पुढे मिरजेकडे. हर्डीकरांचे जवळजवळ सगळे आयुष्य त्या एका गाडीच्या वाटेवर आहे. बेळगावला उतरलात तर टिळकवाडीत काँग्रेस रोड कुठे ते कोणीही सांगेल, मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये. तिथे अधिवेशनाचे स्मारक आहे आणि आवारात ती चार हजार तीनशे सत्तर रुपये तीन आण्यांची विहीर आहे.